खोक्यावर बत्तीसशे

खोक्यावर बत्तीसशे लिहिलेलं, ठळक, चंदेरी,
आणि पडद्यावर एक हजार सहासष्ट.
मी तीनदा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं,
मग पावती शोधली, कॉम्प्युटर पाठपिशवीत कोंबला
आणि योंगसानच्या बाजारातले तीन जिने
तावातावाने चढले.

प्यो दोक-सू किंबाप खात होते.
रॉकेलच्या शेगडीवर बार्लीचं पाणी उकळत होतं,
गळ्यात भिंग, बोटांवर सोल्डरचे जुने चटके.
म्हटलं, तुम्ही मला तिसरा हिस्सा विकलात.
त्यांनी घास संपवला. घाई केली नाही.
"आणलंय यंत्र? ठेवा इथे."

चालू होता होता त्यांनी एक कळ दाबून धरली,
मी कधी न पाहिलेलं पान उघडलं.
"रॅमची पट्टी भिडस्त असते," ते म्हणाले,
"नव्या घरात आली की अंग चोरून बसते.
कोणत्या बोर्डाला काय झेपेल, तिला काय ठाऊक?
म्हणून सगळ्यांना चालेल एवढंच धावते.
पोटभर जेवायला आग्रह लागतो.
तो करायची जागा ही."
एका ओळीसमोरचं 'बंद' त्यांनी 'चालू' केलं.
व्होल्टेज किंचित चढलं, यंत्र दोनदा अडखळलं,
उठलं.

सोळाशे.

"अजून अर्धंच," मी म्हटलं.
तेव्हा ते पहिल्यांदा हसले,
काउंटरखालून एक लाकडी धोटा काढला,
होडीसारखा, कडेला झिजून गुळगुळीत झालेला.

"माझी आई हानसानला मोशीचं कापड विणायची.
धोटा उजवीकडून डावीकडे गेला, एक धागा.
डावीकडून उजवीकडे आला, आणखी एक.
फेऱ्या किती झाल्या? एक.
धागे किती पडले?"

मी गप्प.

"पडदा फेऱ्या मोजतो. खोकं धागे मोजतं.
फार जुन्या पट्ट्या जातानाच माल द्यायच्या,
रिकाम्या परत यायच्या,
तेव्हा दोन्ही आकडे एकच होते.
आताच्या चढत्या ठोक्यालाही देतात, उतरत्यालाही.
खोटं कुणीच बोलत नाही.
पण छापायला मोठा आकडा बरा दिसतो, हेही खरं,
आणि त्याच्यापुढची बारीक अक्षरं वाचतं कोण?"

मनात दोनने गुणलं. जुळलं.
जुळल्यावर राग ठेवायला जागा उरेना,
म्हणून मी उगाच धोटा हातात घेतला.
वाटला त्याहून हलका होता.

"सहा वर्षांचा होतो," ते म्हणाले, कुणी विचारलं नसताना.
"व्यापाऱ्यानं दर ठरवला, धाग्यागणिक.
मोजायचं काम माझं.
वाटीत एकेक सोयाबीन टाकायचं.
मी आईच्या उजवीकडे बसायचो, तिथे ऊब होती.
धोटा माझ्याकडे आला की एक दाणा.
सबंध हिवाळा."

शेगडी फुरफुरली. त्यांनी वात खाली केली.

"दाणे मोजले, पैसे दिले, गेला."

"आणि आई?"

"तिला मोजता येत नव्हतं.
किंवा येत होतं.
मला कळलं तेव्हा मी बारा वर्षांचा,
गणिताच्या तासाला, भलत्याच उदाहरणात.
घरी गेलो. सांगितलं नाही."

मग त्यांनी वायर गुंडाळली, पेटीवरची धूळ बाहीनं पुसली.
पैसे घ्यायला तयार होईनात,
उलट मलाच बार्लीच्या पाण्याचा कप दिला,
तो इतका गरम होता की
संपेपर्यंत दोघांनाही बोलावं लागलं नाही.

उतरताना पायऱ्या मोजल्या, अठ्ठावन्न.
चढताना मोजल्या नव्हत्या.